जुन्या पिकअपचे शॉकअप बदलताना

गळीत हंगाम आटोपला की घरातली अवजारे एकेक करून दुरुस्तीला निघतात. ट्रॅक्टरचे ऑइल, ट्रॉलीचा हूक, विहिरीवरच्या मोटारीचे रिवाइंडिंग अशी यादी तयार होते. गेल्या काही वर्षांत या यादीत पिकअपची भर पडली आहे. पूर्वी जे काम बैलगाडी आणि सायकल करीत असे ते आता पिकअप करते. खताची पोती, बेण्याच्या मोळ्या, दुधाचे कॅन, ठिबकच्या नळ्यांची बंडले, पेंड, भाजीपाला, सगळे तिच्याच हौद्यात चढते. रस्ता निम्मा डांबरी, निम्मा पाणंदीचा. गाडीही बहुतेकांची जुनीच. कुणी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली, कुणी दुसऱ्याची वापरून झालेली उचललेली.

अशी गाडी गॅरेजला नेली की मिस्त्री खाली वाकून पाहतो आणि सांगतो, "मालक, चारी शॉकअप गेलेत. टाकून घ्या." दुकानात गेलो की काउंटरवरचा माणूस विचारतो, "साधा देऊ का गॅसचा? कंपनीचा का दुसरा चालंल?" आणि आपण मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे बघत पाच मिनिटांत काहीतरी घेऊन टाकतो. तोच माल पुढे काही वर्षे आपल्या गाडीखाली, म्हणजे पर्यायाने आपल्या जिवाखाली असतो. त्या पाच मिनिटांत काय विचारावे आणि त्याआधी घरी काय पाहून जावे, एवढ्यासाठी आम्ही हा लेख देत आहोत.

शॉकअपचे खरे काम कोणते?

सर्वांत मोठा गैरसमज असा की, शॉकअप गाडीचे वजन उचलतो. तो उचलत नाही. वजन उचलतात ते पाटे. काही गाड्यांना पुढे पाट्याऐवजी गोल स्प्रिंग किंवा पीळ खाणारा दांडा असतो, तेही वजनच उचलतात. गाडी मागून बसली, हौदा एका अंगाला कलला, तर ते पाट्यांचे दुखणे आहे. त्यावर कितीही महागाचा शॉकअप घातला तरी ते जाणार नाही.

मग शॉकअप करतो काय? पाटा दाबला गेला की तो परत उसळतो, पुन्हा दाबला जातो, पुन्हा उसळतो. हे झोके थांबवणे हे शॉकअपचे काम. टांग्याला पाटे होते, शॉकअप नव्हते, म्हणून टांगा डुलत चालायचा. त्याची चाल घोड्याची होती म्हणून ते खपून गेले. ताशी ६० कि.मी. चालणाऱ्या, टनभर माल भरलेल्या गाडीला डुलून चालत नाही.

आत काय असते ते समजायला फवारणीचा पंप डोळ्यासमोर आणावा. दांडा कितीही जोराने दाबला तरी नोझलच्या बारीक भोकातून पाणी ठरावीकच जाते, आणि जितका जोर लावाल तितका दांडा जड लागतो. शॉकअपमध्ये तेल भरलेली नळी, त्यात दांडा, आणि दांड्याच्या टोकाला बारीक भोके व झडपा असलेला दट्ट्या असतो. चाक वर-खाली झाले की दट्ट्या तेलातून सरकतो आणि तेल त्या भोकांतून जाताना अडते. उसळीतला जोर तेलात जिरतो आणि त्याची उष्णता होते. म्हणूनच खराब रस्त्याने चालून आलेल्या गाडीचा चांगला शॉकअप हाताला कोमट ते गरम लागतो.

झडपा दोन्ही दिशांना सारख्याच ताकदीने अडवीत नाहीत. बहुतेक शॉकअप मिटताना हलके आणि उघडताना जड असतात, कारण दबलेल्या पाट्याची वर येण्याची उसळी आवरायची असते. उत्पादक सांगतात की, एका किलोमीटरला शॉकअप हजाराच्या आसपास वेळा हलतो. या हिशोबाने ८० हजार कि.मी. चाललेल्या गाडीच्या शॉकअपने आठ कोटी हालचाली केल्या. झडपा झिजतात, तेल पातळ होते, सील गळते. हे एका दिवसात होत नाही, हळूहळू होते. म्हणूनच चालवणाऱ्याला ते कळत नाही. त्याचा हात त्या डुलण्याला सवयीचा होतो.

जिवाशी गाठ कोठे पडते?

गाडी आदळते, कंबर दुखते, एवढ्यावर हे थांबत नाही. चाक रस्त्याला टेकलेले असेल तरच ब्रेक लागतो आणि तरच स्टेअरिंगला गाडी वळते. शॉकअप मेला की खड्ड्यानंतर चाक रस्त्यावर उड्या मारते, आणि ज्या क्षणी ते हवेत असते त्या क्षणी ब्रेकचा उपयोग शून्य. ताशी ६० कि.मी. वेगात गाडी एका सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. हंगामात आपल्या रस्त्यांवर रात्री काय असते ते सांगायला नको. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा आहे की नाही ते देव जाणे, रस्त्यावर पडलेली उसाची कांडी, शेजारून बैलगाड्यांची रांग. अशा वेळी दोन-चार मीटरनेही फरक पडतो.

दुसरे नुकसान टायरचे. उड्या मारणारे चाक टेकते तेथे जास्त घासते आणि टायरवर जागोजागी खवल्यासारखे खळगे पडतात. तिसरे नुकसान मालाचे. टोमॅटो, द्राक्षे, डाळिंबे बाजारात पोचेपर्यंत खालचा थर दबतो आणि अडत्या दर पाडतो. हे पैसे शॉकअपच्या नावावर कुणी लिहीत नाही, पण जातात तेथूनच.

आधी दुखणे ओळखा

दुकानात जाण्याआधी पुढील गोष्टी घरीच पाहाव्यात. यासाठी एक टेप, एक माणूस आणि अर्धा तास पुरे.

१) गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करावी. टायरमध्ये हवा बरोबर भरावी. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजावे. डाव्या-उजव्या बाजूंत दीड-दोन बोटांचा फरक असेल तर पाटे बसलेत किंवा एखादे पान तुटले आहे. तो खर्च पाट्याचा, शॉकअपचा नव्हे.

२) पाट्यांची पाने एकेक करून पाहावीत. तुटलेले पान चिखलाखाली दिसत नाही, तारेच्या ब्रशने घासून पाहावे. यू बोल्ट सैल आहेत का, मधला बोल्ट तुटला आहे का, शॅकलच्या पिना व बुश झिजलेत का, तेही पाहावे. मधला बोल्ट तुटून अॅक्सल सरकला असेल तर गाडी रस्त्यावर तिरकी चालते.

३) शॉकअपचे अंग पाहावे. अंगावर नुसता ओलसर धुळीचा थर असेल तर घाबरू नये, सीलमधून थोडे तेल येतेच. पण तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर तो शॉकअप संपला. दांडा वाकला असेल किंवा नळीला पोचा पडला असेल तरीही तो बदलावाच.

४) दोन्ही टोकांचे रबरी बुश पाहावेत. खट-खट आवाजाची बरीच दुखणी शॉकअपची नसून त्याच्या बुशची असतात. बुश शॉकअपच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतो.

५) गाडी दहा-पंधरा कि.मी. खराब रस्त्याने चालवून आणावी आणि लगेच चारी शॉकअपना जपून हात लावून पाहावा. सायलेन्सर जवळ असतो, चटका बसेल. तीन गरम आणि एक गार लागला, तर गार असलेला काम करीत नाही असे समजावे.

६) शंका राहिली तर मिस्त्रीकडून शॉकअपचे एक टोक सोडवून घ्यावे आणि दांडा हाताने मागे-पुढे करून पाहावा. सगळ्या लांबीत सारखा जोर लागला पाहिजे. मध्येच दोन बोटे मोकळा सरकला किंवा कोठे अडकला, तर तो गेला.

कोपऱ्यावर जोराने दाबून सोडायचे आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचे, ही रीत मोटारकारला ठीक आहे. पिकअपचे मागचे पाटे माणसाच्या वजनाने दबतच नाहीत. त्यामुळे मागच्या बाजूला ही परीक्षा करून काही कळत नाही.

आणखी एक. रिकामी पिकअप मागून थोडी उडतेच. तिचे पाटे टनभर वजनासाठी केलेले असतात, ते रिकाम्या हौद्याने दबणार नाहीत. त्यात टायरमध्ये भरल्या गाडीइतकी हवा असेल तर विचारूच नका. रिकामी गाडी उडते म्हणून कडक शॉकअप घातला तर ती जास्तच आदळेल.

वजनाचा हिशोब

शॉकअप निवडण्याआधी आपण गाडीत प्रत्यक्षात किती भरतो हे स्वतःशी कबूल करावे. गाडीच्या आर.सी. बुकात रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरते ते आपले. समजा, वजाबाकी १२५० किलो आली. म्हणजे ५० किलोची २५ पोती. त्यात चालक व शेजारी बसलेल्यांचे वजनही धरावे लागते, म्हणजे पोती २२-२३ च. एक एकर लागणीला दोन डोळ्यांची सुमारे १० हजार टिपरी लागतात आणि ती एकाच खेपेत आणायचा मोह सर्वांनाच होतो. पण दोन खेपांचे डिझेल हे एका तुटलेल्या पाट्यापेक्षा स्वस्त पडते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तीनुसार जादा वजनाचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये असा ठेवला आहे. दंड भरून सुटका होते, पण जास्त वजनाने दबलेले पाटे रबरी गुटक्यावर आदळत राहतात आणि नवा शॉकअपही लवकरच जुना होतो.

माल कोठे ठेवतो यालाही महत्त्व आहे. सगळे वजन हौद्याच्या मागच्या फळीला टेकवून ठेवले तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग तरंगते. जड माल केबिनच्या पाठीला, हलका माल मागे ठेवावा.

कोणता प्रकार घ्यावा?

दुकानात साधारण चार तऱ्हेचे शॉकअप दाखवले जातात.

*साधा तेलाचा.* यात नळीत नळी असते. आतल्या नळीत दट्ट्या आणि बाहेरच्या नळीत जादा तेल व थोडी हवा. किमतीला कमी आणि हौद्याच्या गाडीला पुरेसा. बऱ्याच जुन्या गाड्यांना कारखान्यातून हाच लागून आलेला आहे. दोष एकच. खराब रस्त्यावर बराच वेळ सलग चालल्यास तेल तापते, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉकअप काही काळ मऊ पडतो. गार झाला की पुन्हा ठीक.

*गॅसचा, नळीत नळी असलेला.* रचना तीच, फक्त हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला. त्यामुळे तेलाचा फेस कमी होतो. लांब पल्ल्याला, रोज दूध किंवा भाजी घेऊन शहरात जाणाऱ्या गाडीला हा थोडे जास्त पैसे देऊनही परवडतो. "गॅसचा" म्हणजे वजन उचलणारा, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. गॅस तेलावर दाब ठेवण्यासाठी आहे, हौदा उचलण्यासाठी नाही.

*एकनळी, जास्त दाबाचा गॅसचा.* यात एकच जाड नळी असते, तेल व गॅस यांच्यामध्ये सरकता दट्ट्या असतो. जर्मनीत १९५७ साली बिल्स्टाइनने हे शॉकअप मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांना बसवायला सुरुवात केली. उष्णता लवकर बाहेर टाकतो, काम उत्तम. पण किंमत जास्त, आणि नळीला दगडाचा पोचा बसला की दट्ट्या अडकून संपूर्ण निकामी. आपल्या पाणंदीतून, वरंब्यावरून जाणाऱ्या गाडीला हा खर्च करण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

*स्प्रिंग चढवलेला.* दुकानदार सांगतो, "हा घाला, गाडी मागून बसायची नाही." हौदा थोडा उचलतो हे खरे. पण ज्या ब्रॅकेटला शॉकअप टांगलेला असतो तो ब्रॅकेट झोके आवरण्याच्या जोरासाठी केलेला आहे, टनाचे वजन पेलण्यासाठी नाही. कालांतराने ब्रॅकेट किंवा चेसिसला चीर जाते. गाडी बसत असेल तर पाटे नीट करावेत, हाच मार्ग.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. गाव, शेत, बाजारपेठ एवढाच फेरा असेल तर आपल्या मॉडेलचा, चांगल्या कंपनीचा साधा तेलाचा शॉकअप घ्यावा. रोज लांबचा फेरा असेल तर गॅसचा, नळीत नळी असलेला घ्यावा. "हेवी ड्यूटी" हा शब्द डब्यावर आहे म्हणून घेऊ नये. पाटे मूळचेच आहेत आणि शॉकअप मात्र फार कडक, असे झाले तर चाक खड्ड्यात नीट उतरत नाही आणि सारा दणका ब्रॅकेटला बसतो.

माप चुकले की सगळे चुकले

एकाच नावाच्या पिकअपच्या निरनिराळ्या सालच्या गाड्यांना निरनिराळे शॉकअप असू शकतात. लांब हौद्याची आणि आखूड हौद्याची, कमी वजनाची आणि जास्त वजनाची अशी मॉडेले असतात. "बोलेरो पिकअपचा द्या" किंवा "207 चा द्या" एवढे सांगून भागत नाही. दुकानात जाताना आर.सी. बुक, चेसिस नंबर आणि शक्य तर जुना शॉकअपच काढून न्यावा. त्याच्या अंगावर पार्ट नंबर असेल तर उत्तमच.

काउंटरवर तीन मापे जुळवून पाहावीत: पूर्ण उघडल्यावर लांबी, पूर्ण मिटल्यावर लांबी, आणि दोन्ही टोकांच्या डोळ्यांचा किंवा बोल्टचा आकार. लांबी कमी पडली तर चाक खाली लोंबताना शॉकअप ताणला जाऊन आतून तुटतो. लांबी जास्त झाली तर खड्ड्यात दट्ट्या तळाला आपटतो. पाटा पूर्ण दबला की आधी रबरी गुटका टेकला पाहिजे, शॉकअप मिटून आपटता कामा नये. तो गुटका पुष्कळ जुन्या गाड्यांना शिल्लकच नसतो. तो आधी बसवून घ्यावा.

ज्यांनी पाटे वाढवून गाडी उचलून घेतली आहे त्यांनी हे माप विशेष पाहावे. गाडी उंच झाली की मूळ शॉकअप रिकाम्या गाडीतच जवळजवळ पूर्ण उघडलेला राहतो. शिवाय काही पिकअपला मागच्या अॅक्सलला जोडलेली, वजनाप्रमाणे ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारी झडप असते. हौदा उंच झाला की गाडी रिकामी आहे असे तिला वाटते आणि भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. पाटे वाढवले असतील तर ही झडप जुळवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

नवा, जुना की बनवलेला?

तालुक्याच्या गावी "बनवलेले" शॉकअप मिळतात. जुनी नळी कापून, नवे सील व तेल घालून, वेल्डिंग करून, काळा रंग मारून दिलेले. हाताला जड लागतात, नवेही दिसतात. पण आतल्या झिजलेल्या झडपा तशाच असतात, तेल कोणते घातले ते कुणाला ठाऊक नसते, आणि डाव्या-उजव्या शॉकअपचा जोर सारखा असेल याची खात्री नसते. ब्रेक मारताना एक बाजू दबते आणि दुसरी नाही, असे झाले तर गाडी एका अंगाला ओढते. बनवलेला शॉकअप घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गॅसचा शॉकअप तर घरी किंवा वेल्डिंगच्या दुकानात कापू किंवा तापवू नये, तो दाबाने फुटतो.

चांगला माल आपल्याकडे मिळत नाही असे नाही. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ सालापासून आपल्या देशात शॉकअप करीत आली आहे आणि चाकण व नाशिक येथे तिचे कारखाने आहेत. इतरही नामांकित कंपन्या आहेत, शिवाय गाडीच्या कंपनीचे स्वतःच्या डब्यातले सुटे भाग मिळतात. अडचण असते ती नकली डब्याची. म्हणून पक्के जी.एस.टी. बिल घ्यावे, डब्यावरचा पार्ट नंबर व किंमत आणि शॉकअपच्या अंगावरचा नंबर पडताळावा, वॉरंटी किती महिन्यांची ते बिलावरच लिहून घ्यावे. बिलाशिवाय शंभर-दोनशे रुपये वाचवणारा सभासद शॉकअप दोन महिन्यांत गळाला तर कुणाकडे जाणार?

जोडीनेच बदला, नीट बसवा

शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. पुढचा एक गेला तर पुढचे दोन्ही, मागचा एक गेला तर मागचे दोन्ही. एका जुवाला एक खोंड आणि एक म्हातारा बैल जुंपल्यावर गाडीची जी गत होते तीच येथे होते.

बसवताना मिस्त्रीजवळ उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात.

नळीत नळी असलेला शॉकअप दुकानात आडवा पडून राहिल्याने आतल्या नळीत हवा शिरलेली असते. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण उघडावा व मिटावा. हाताला सलग जोर लागू लागला की बसवावा. गॅसचा असेल तर त्याची पट्टी सोडल्यावर दांडा आपोआप बाहेर येतो, तोंड किंवा बोटे समोर ठेवू नयेत.

बुश, वॉशर, नट नवेच घालावेत. डब्यात आले नसतील तर वेगळे घ्यावेत. दांड्याला पान्याने किंवा पकडीने धरून फिरवू नये. त्यावर ओरखडा पडला की सील फाटते आणि नवा शॉकअप महिनाभरात गळतो.

डोळ्याच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचे वजन चाकांवर असावे. गाडी जॅकवर लोंबत असताना आवळले तर खाली उतरवल्यावर रबर पिळला जातो आणि लवकर फाटतो. उभ्या बोल्टचा नट रबर किंचित फुगेपर्यंतच आवळावा, चेपेपर्यंत नव्हे. शंभर-दोनशे कि.मी. चालल्यावर सगळे नट-बोल्ट आणि यू बोल्ट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत. आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये, लाकडी ओंडके किंवा स्टँड लावावा.

पैसे कमी असतील तर?

उसाचे बिल अजून यायचे, सोसायटीचा हप्ता भरायचा, मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या, अशा वेळी सगळे एकदम करणे जमत नाही हे आम्हीही जाणतो. तेव्हा क्रम असा ठेवावा. पहिले ब्रेक आणि टायर. दुसरे तुटलेले पान, यू बोल्ट, मधला बोल्ट. तिसरे बुश, पिना आणि रबरी गुटके. चौथे शॉकअपची जी जोडी जास्त खराब आहे ती. दोन्ही जोड्या सारख्याच खराब असतील तर पुढची आधी, कारण ब्रेक मारताना गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येते आणि स्टेअरिंगही त्यांच्याकडेच आहे. मागची जोडी पुढच्या बिलाला. तोवर वजन कमी भरावे आणि वेग कमी ठेवावा. हौद्यात माणसे तर बसवूच नयेत.

कधी तपासावे याचा साधा नियम असा की, दर २० हजार कि.मी. ला चारी शॉकअप पाहावेत आणि ८० हजारांच्या आसपास बदलायची तयारी ठेवावी. पाणंदीतून रोज चालणाऱ्या गाडीला एवढाही दम निघत नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते. त्याच वेळी, गाडी पासिंगला नेण्याआधी, ही तपासणी उरकावी म्हणजे विसर पडत नाही. किलोमीटरचा काटा बंद असलेल्या गाड्यांनाही तारीख लक्षात राहते.

सभासद बंधू-भगिनींनो, पाऊस सुरू झाला की पाणंदी चिखलाने भरतील आणि खड्ड्यांची खोली पाण्याखाली दिसणार नाही. त्याआधी एखाद्या सकाळी टेप घेऊन गाडीखाली पाहा. मोजमाप एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच मिस्त्रीकडे जा. "चारी टाका" म्हणाला तर कोणत्या कारणाने ते विचारा. चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही, तो हात पुसून दाखवायला येतो. वजन पाट्यांनी उचलायचे आणि झोका शॉकअपने आवरायचा, एवढे एक ध्यानात ठेवले तर काउंटरवर कुणी काहीही पुढे केले तरी आपला पैसा योग्य जागी जाईल आणि हंगामात रात्री-अपरात्री बाहेर पडलेली गाडी घरी सुखरूप येईल.